पार्सल राज्याबाहेर जातंय? मग चाळीस लाखांचा हिशोब बाजूला ठेवा

पत्र: नमस्कार ताई, मी दोन वर्षं घरूनच लहान मुलांचे कपडे विकतेय. व्हॉट्सॲप ग्रुप आणि इन्स्टाग्राम, बाकी काही नाही. थोडा माल गुजरातमधून होलसेलने मागवते, आणि काही डिझाईन्स नुसती फोटो टाकून विकते, ऑर्डर आली की सप्लायर परस्पर पाठवतो. महिन्याला सत्तर-ऐंशी हजाराची विक्री होते, सगळं यूपीआयवर. आता एका मोठ्या शॉपिंग ॲपवर माल टाकायचा म्हटलं तर ते जीएसटी नंबर मागतायत. माझा भाऊ म्हणतो चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही. एक एजंट म्हणतो पाच हजार द्या, चार दिवसात नंबर काढून देतो. दीर म्हणतात, माझा हार्डवेअरच्या दुकानाचा नंबर आहे त्यावरच विक. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. कोणाचं ऐकू? आणि नंबर घेतला तर नफ्यातलं किती जाईल?

उत्तर:

ताई, भाऊ, एजंट आणि दीर तिघेही तुमच्या भल्याचंच सांगतायत पण तिघांपैकी एकानेही तुम्हाला मुख्य प्रश्न विचारलेला नाही, तो म्हणजे तुमची पार्सलं जातात कुठे. तुमच्या पत्रातही ते नाहीये. पण इन्स्टाग्रामवर दोन वर्षं विकताय म्हणजे एखादी ऑर्डर हैदराबाद, इंदूर, बंगळुरूला गेली नसेल असं मला तरी वाटत नाही, त्यामुळे गेली आहे असं धरूनच पुढचं लिहितेय.

भाऊ सांगतो ते चाळीस लाख खोटे नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रासकट बऱ्याच राज्यांत फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तरच नोंदणी सक्तीची आहे, सेवा देणाऱ्याला २० लाख. पण ही मर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाईकाला विकली की जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी सक्तीची, मग उलाढाल चाळीस लाख असो नाहीतर चाळीस हजार. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सूट आहे, होलसेलच्या तयार फ्रॉकांना नाही. खरेदी परराज्यातून करता त्याने मात्र काही बिघडत नाही, ती त्या व्यापाऱ्याची आंतरराज्य विक्री झाली, तुमची नाही. लोक हे नेमकं उलटं धरून बसतात, माल गुजरातचा म्हणून घाबरतात आणि कुरिअर कर्नाटकात बिनधास्त पाठवतात.

म्हणून कुणाचंही ऐकायच्या आधी एक काम करा. कुरिअरच्या पावत्या किंवा ॲपमधली बुकिंग हिस्टरी काढा आणि राज्याबाहेर गेलेली पार्सलं वेगळी करा. एकही नसेल तर तुमच्यासमोर निवड आहे, असतील तर निवड नाही, सरळ नोंदणी करायची.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जरा नीट वाचा कारण रीसेलिंगमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तुम्ही दोन धंदे करताय आणि त्यांना एक समजताय. जो माल विकत घेऊन घरी ठेवता आणि मग विकता, तिथे विक्रेत्या तुम्ही, उलाढाल म्हणजे गिऱ्हाईकाने दिलेली पूर्ण रक्कम. फोटो फॉरवर्ड करून सप्लायर परस्पर पाठवतो तिथे बिल कोण कोणाला करतंय ते बघावं लागतं. गिऱ्हाईकाचे सहाशे तुमच्या खात्यात आले, त्यातले साडेचारशे तुम्ही सप्लायरला दिले, तर माल तुमच्या हाताला लागला नाही तरी विक्री तुमचीच आणि उलाढाल सहाशेच, दीडशे नाही. याउलट सप्लायर किंवा ॲप गिऱ्हाईकाला स्वतःच्या नावाने बिल देतं आणि तुम्हाला फक्त कमिशन पाठवतं, तर तुमची उलाढाल तेवढं कमिशनच, आणि ते वस्तू नाही तर सेवा. मग अजून एक गंमत होते. चाळीस लाखांची मर्यादा फक्त वस्तू विकणाऱ्यालाच आहे, वस्तूंबरोबर कमिशनचं उत्पन्नही असलं की ती वीस लाखांवर येते. तुम्ही सध्या आठ-नऊ लाखांवर आहात म्हणून आज फरक पडणार नाही, पण धंदा वाढला की हे अचानक समोर येतं.

उलाढालीबद्दल बोलतोच आहोत तर हेही, ती नफ्यावर मोजत नाहीत, विक्रीच्या रकमेवर मोजतात, आणि एका पॅनवर जे जे काही विकता ते सगळं धरून, देशभरचं. त्यामुळे दोन इन्स्टा अकाउंट काढून विक्री वाटून घेतली असं काही नसतं. जावेचं पॅन वापर, आईचं पॅन वापर हे सल्ले पण मिळतील, त्यात माल तुमचा, पैसे तुम्ही फिरवणार आणि नोटीस आली तर आईला. नकोच.

दिरांच्या नंबरचं उत्तर पण इथेच आलं. जीएसटी नंबर पॅनवर असतो, तो घरादाराचा नसतो. त्यांच्या नंबरवर विकलंत तर कायद्याने ती विक्री दिरांची, उत्पन्न दिरांचं, आयकर त्यांच्या रिटर्नमध्ये, आणि पैसे मात्र तुमच्या यूपीआयला, म्हणजे दोघांचेही कागद जुळणार नाहीत. ते कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांना उलाढालीवर थोडा ठरावीक कर भरायच्या जीएसटी योजनेत, असतील तर आणखी वाईट, कारण त्या योजनेत परराज्यात माल विकता येत नाही, तुमच्या एका पार्सलमुळे त्यांची सवलत जाऊ शकते. त्यांना प्रेमाने नाही म्हणा.

समजा बुकिंग हिस्टरीत सगळी पार्सलं राज्यातलीच निघाली, तर ॲपवर विकायला पूर्ण नोंदणी लागतेच असं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांसाठी वाट काढलेली आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि राज्यातल्या राज्यातच विकणार असाल तर जीएसटी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन एनरोलमेंट नंबर घेता येतो. तो नंबर मिळेपर्यंत ॲपवरून विक्री करायची नाही, आणि नंबर एकाच राज्यापुरता. त्यावर दर महिन्याची रिटर्नं नाहीत. पण मग राज्याबाहेरची ऑर्डर घ्यायची नाही म्हणजे नाही, ॲपवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही, मैत्रिणीच्या बहिणीला पण नाही. कपड्यांच्या धंद्यात हे कितपत जमेल ते तुम्हीच ठरवा, माझ्या मते ज्यांचा अर्धा धंदा इन्स्टावर आहे त्यांना जमत नाही.

आता पैसे किती जातील. इथे लोक उगाच घाबरतात म्हणून आकडे मांडूनच सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यावर १८. तुमचे बहुतेक सगळे कपडे पाचमध्येच बसतील. समजा एक फ्रॉक ४०० अधिक ५ टक्के म्हणजे ४२० ला घेतला आणि ६०० ला विकला. आज तुमच्याकडे १८० उरतात. नोंदणी केल्यावर गिऱ्हाईकाकडून तेच ६०० घेतलेत तर त्यात कर आहे २८ रुपये ५७ पैसे. खरेदीवर भरलेले २० तुम्हाला वजा मिळतात, त्याला आयटीसी म्हणतात, म्हणजे सरकारला द्यायचे साडेआठ रुपये. १८० चे १७१ झाले. बस एवढंच. पण पक्कं बिल असेल तरच हं! आणि सप्लायरने ती विक्री त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलेली असेल तरच. होलसेलरने कच्च्या चिठ्ठीवर माल दिला तर वजावट शून्य आणि साडेअठ्ठावीस रुपये तुमच्या खिशातून. म्हणजे नोंदणीमुळे नफा खाल्ला जात नाही, कच्च्या बिलामुळे खाल्ला जातो. नंबर मिळायच्या आधीच सप्लायरला सांगून ठेवा की आता माझ्या जीएसटी नंबरवर बिल लागेल, आणि तो कां कूं करायला लागला तर दुसरा सप्लायर शोधायला लागा.

कॉम्पोझिशन म्हणजे उलाढालीवर १ टक्का, वर्षाला दीड कोटीपर्यंत. कागद कमी, दर तीन महिन्यांनी सीएमपी-०८ नावाचा फॉर्म भरायचा आणि वर्षातून एकदा रिटर्न. वरच्या फ्रॉकवर ६ रुपये कर, आयटीसी नाही, हातात १७४, म्हणजे वरच्या नेहमीच्या (रेग्युलर) नोंदणीपेक्षा किंचित जास्तच. ऑक्टोबर २०२३ पासून कॉम्पोझिशनवाल्यांना ॲपवरून वस्तू विकायलाही परवानगी आहे. पण परत तेच, राज्याबाहेर विकता येत नाही आणि गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही. तुमची पार्सलं बाहेर जात असतील तर हा पर्याय वाचून सोडून द्या.

ॲपवर विकायला लागलात की अजून दोन कपाती दिसतील. एक जीएसटीचा टीसीएस, म्हणजे ॲपने तुमच्या विक्रीतून कापून सरकारकडे भरलेला कर, अर्धा टक्का, १० जुलै २०२४ च्या आधी तो एक टक्का होता. दुसरा आयकराचा टीडीएस, म्हणजे तशीच आयकराची आगाऊ कपात, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, आणि ॲपवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेलं असेल तर वैयक्तिक विक्रेत्याचा तोही कापत नाहीत. हे दोन्ही पैसे जात नाहीत, तुमच्याच नावावर जमा होतात. टीसीएस मात्र आपोआप खात्यात येत नाही, पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिट असं पान असतं तिथे जाऊन ॲक्सेप्ट करावं लागतं, मग तो कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या जमाखात्यात, येतो आणि कर भरायला वापरता येतो. किती जणांचे पैसे तिथे नुसते पडून असतात, कारण कोणी ते पान उघडतच नाही.

आणि ॲपवर विकणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची चूक, बँकेत आलेल्या रकमेवर कर भरणं. ॲप तुम्हाला ६०० चे ६०० देत नाही, कमिशन, शिपिंग, टीसीएस कापून ४८० वगैरे देतं. पण तुमची विक्री ६०० चीच, कर ६०० वरच. कमिशनवर त्यांनी लावलेला जीएसटी तुम्हाला आयटीसी म्हणून मिळतो, तो वेगळा घ्यायचा. परत आलेला माल विक्रीतून वजा होतो, आणि कपड्यांमध्ये साईज बसली नाही म्हणून परत येणारा माल भरपूर असतो, म्हणून दर महिन्याला ॲपचा टॅक्स रिपोर्ट डाऊनलोड करून ठेवायचा, त्यातलीच विक्री रिटर्नमध्ये घ्यायची. ॲपने भरलेले आकडे आणि तुमचे आकडे पोर्टलला शेजारी शेजारी दिसतात हे लक्षात असू द्या.

आता एजंटचे पाच हजार. नोंदणीची सरकारी फी शून्य रुपये आहे, हे आधी घ्या ऐकून. कुणाकडून फॉर्म भरून घेतला तर त्याच्या वेळेचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ते पैसे 'गव्हर्नमेंट चार्जेस' म्हणून मागत असेल तर त्या माणसाला पुढची रिटर्नं पण देऊ नका. कागद फार नाहीत. पॅन, आधार, फोटो, बँक खात्याचा तपशील आणि धंद्याच्या जागेचा पुरावा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे ही अजिबात अडचण नाही, लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती लावायची आणि सोबत सासऱ्यांचं संमतिपत्र, की या जागेतून सुनेने धंदा करायला माझी हरकत नाही. लाईट बिलावरचा पत्ता आणि फॉर्ममधला पत्ता अक्षरशः एक हवा, बिलावर सर्व्हे नंबर आहे आणि तुम्ही सोसायटीचं नाव लिहिलंत की अधिकारी शंका काढतो आणि फॉर्म परत येतो. बहुतेक अर्ज अशाच फालतू कारणांनी अडकतात. मोबाईल आणि ईमेल स्वतःचे द्या, एजंटचे नाही, नाहीतर उद्या नोटीस त्याच्या मोबाईलवर येईल आणि तुम्हाला सहा महिन्यांनी कळेल. पासवर्ड पण तुमच्याकडेच.

आधार पडताळणी केली की साधारण सात कामाच्या दिवसांत नंबर मिळायला हवा, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या, कमी जोखमीच्या अर्जदारांना तीन कामाच्या दिवसांत देण्याची सोय केलेली आहे. काहींना बायोमेट्रिकसाठी जीएसटी सुविधा केंद्रावर बोलावतात, काहींची जागा बघायला माणूस येतो, आला तर घाबरू नका, मालाची दोन खोकी आणि बिलं दाखवा. नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि मध्ये तुमचं पॅन. तो आणि धंद्याचं नाव जागेवर दिसेल असं लावावं लागतं, दारावर छोटी पाटी पुरते.

खरी परीक्षा नंबर मिळाल्यानंतर आहे आणि याबद्दल तुम्हाला कोणीच बोललेलं दिसत नाही. नंबर घेतला की रिटर्न भरायचंच, विक्री नसली तरी. पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर तिमाही पद्धत घेता येते, तुम्ही तीच घ्या. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, २२ पर्यंत थ्री-बी म्हणजे कराचा हिशोब, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर असेल तर तो त्या त्या महिन्याच्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत चलनाने. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, काहीच विक्री नसेल तर २०. दिसायला चिल्लर आहे पण बाळंतपण, लग्नसराई, आजारपण, दोन तिमाही राहून गेल्या की नंबर रद्द करायची नोटीस येऊ शकते, आणि रद्द झाला की ॲपवरचं दुकान पण बंद. धंदा थांबवायचा असेल तर नंबर तसाच टाकून देऊ नका, रीतसर रद्द करायचा अर्ज असतो आणि त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न.

महाराष्ट्रात यासोबत व्यवसाय कराची नावनोंदणी पण येते, पीटीईसी म्हणतात, वर्षाला २५०० रुपये. एजंट लोक हे आधी सांगत नाहीत.

मागच्या दोन वर्षांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात आला असेलच. राज्याबाहेर पार्सलं गेली असतील तर नोंदणी तेव्हाच व्हायला हवी होती, हे खरं आहे. त्या विक्रीची यादी करा आणि एका सीएकडे एकदा बसा, इथे त्याला पैसे देणं वसूल आहे. नोटीस यायच्या आधी स्वतःहून कर आणि व्याज भरून टाकायची सोय कायद्यात आहे आणि लबाडीचा हेतू नसेल तर दंड टळतो. नोटीस आल्यावर मात्र नोंदणी न केल्याचा दंड दहा हजार किंवा बुडालेला कर, यातलं जे जास्त असेल ते. तुमची रक्कम बघता हा डोंगर नाहीये, पण दुर्लक्ष करू नका. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या होत्या ते तुम्ही वाचलं असेल. यूपीआयवर आलेला प्रत्येक रुपया काही विक्री नसतो, भिशीचे पैसे असतात, बहिणीने परत केलेले असतात, पण ते सिद्ध करायचं काम आपल्यावर येतं. म्हणून आजच धंद्यासाठी वेगळं खातं आणि वेगळा क्यूआर. करंट अकाउंटच हवं असेल तर बँक गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंद) किंवा उद्यमचा (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कागद मागेल. उद्यम नोंदणी फुकट आहे आणि आधारवर घरबसल्या होते, त्याचेही पैसे कुणाला देऊ नका.

आयकर वेगळा, तो जीएसटी नंबर असो नसो लागूच असतो. वस्तूंच्या छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, डिजिटल विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा दाखवायचा. तुमच्या नऊ लाखांचे ६ टक्के म्हणजे ५४ हजार, पण खरा नफा त्याहून जास्त असेल तर तोच दाखवायचा, आणि तुमचा जास्तच आहे. कमिशनच्या उत्पन्नाला ही सोय नाही, म्हणून ते दोन धंदे वहीत सुरुवातीपासून वेगळे लिहा.

एक शेवटचं ॲपबद्दल. नोंदणी झाल्यावर ते तुम्हाला विचारतील की तुमचा माल आमच्या गोदामात ठेवायचा का, लवकर डिलिव्हरी होते, विक्री वाढते वगैरे. ते गोदाम दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याचा वेगळा जीएसटी नंबर आणि वेगळी रिटर्नं लागतात. राज्यातलं असेल तरी तो पत्ता नोंदणीत जादा जागा म्हणून घालावा लागतो. पहिलं वर्षभर माल घरीच ठेवा, पार्सल घरूनच उचलू देत.